फुटाला पाव इंच

“जरा बाजूला व्हा बाई, भिंत दिसू द्या.”

सुलतान बाजारातल्या आमच्या गल्लीत हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असं माणूस सापडलं नसतं. रस्त्याच्या पलीकडे एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ उभे असत. डोक्याला काळी टोपी, अंगात ऑफिसचा बंद गळ्याचा कोट, डावा डोळा मिटलेला आणि उजवा हात पुढे ताणून मुठीतून अंगठा वर काढलेला. त्या अंगठ्यावर ते समोरच्या घराची उंची घेत. तुम्ही दारात उभे असलात तर तुम्ही त्या घराच्या आड आलात. तुम्ही सरकलात की त्यांचा चेहरा खुले. मग खिशातली फूटपट्टी काढून ते चौकटीला लावत, ओठांतल्या ओठांत भागाकार करत, “फुटाला पाव इंच,” असं स्वतःलाच बजावत आणि चालू लागत. ज्याचं घर मोजलं त्याची विचारपूस वगैरे काही नाही.

ते रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात नक्शानवीस होते. सगळी उमर डब्यांचे आणि मालगाडीच्या वाघिणींचे नकाशे काढण्यात गेलेली. गल्लीत त्यांना नक्शेवाले म्हणत. त्यांचं खरं नाव पोस्टमनशिवाय कुणाला सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या घरासमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण अशी दोघंच राहत. बहिणीला सगळी गल्ली अक्का म्हणे. अक्का ठेंगण्या, बोलायला फटकळ. “आमच्याकडे दोन खोल्या आहेत,” त्या नव्या माणसाला सांगत, “एकीत मी राहते, दुसरीत स्टेशन.”

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले त्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ द्यायला वर गेले आणि ते स्टेशन पाहिलं. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही माझ्यासारखेच तिळगुळाची वाटी हातात घेऊन उंबऱ्यात खिळून राहिला असता. खोलीच्या तीन भिंतींना लागून कमरेइतक्या उंचीच्या फळ्या, त्यांच्यावर चाळलेल्या मुरमाची जमीन, आणि त्या जमिनीवर परभणीकडच्या एका लहानशा स्टेशनाचा सगळा पसारा. चहाच्या खोक्याच्या आत चंदेरी पत्रा असतो ना, तो फणीवर ठेवून बोटानं दाबून त्यांनी फलाटाचं पन्हाळी छप्पर केलं होतं. तारेचे खांब उदबत्तीच्या काड्यांचे. पाण्याची टाकी सिगारेटच्या डब्याची. तिसऱ्या वर्गाचे डबे प्लायवूडचे, पण खिडक्यांच्या झडपा खरोखर वरखाली होणाऱ्या. इंजिन औषधाच्या नळकांड्यातून घडवलेलं, त्याच्या पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग. चावी दिली की ते खर्रर्र आवाज करत तिन्ही भिंतींना वळसा घालून यायचं. यातलं काहीही विकत आणलेलं नव्हतं, याचा त्यांना फार अभिमान.

स्टेशनाबाहेर एक झटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, उभा होता. त्याच्या दोन्ही दांड्या जमिनीला टेकलेल्या. घोडा नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की फलाटावर माणूस नाही, तिकिटाच्या खिडकीत माणूस नाही, बंडीला बैल नाहीत. इतकं सगळं हुबेहूब आणि त्यात एकही जीव नाही.

“माणसं नाही केलीत, काका?” मी विचारलं.

“ती आपली आपण येतात, मास्तरीणबाई,” ते म्हणाले. माझे यजमान नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवत, म्हणून मी मास्तरीणबाई. “आपण नुसती जागा करून ठेवायची.”

त्या खोलीत रोज येणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आमच्या शेजारच्या घरातले गार्डसाहेब. ते रेल्वेत गार्ड होते. भरघोस पांढऱ्या मिशा, पान खाऊन लाल झालेलं तोंड, आणि गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारं हसणं. नक्शेवाले आणि गार्डसाहेब यांची दोस्ती कशी जमली हे कोडंच होतं, कारण एक बोलत नसे आणि दुसरा थांबत नसे. ड्यूटी नसली की संध्याकाळी गार्डसाहेब आपली शिट्टी घेऊन वर जात. नक्शेवाले चावी देत. पण शिट्टी वाजल्याशिवाय गाडी सोडायची नाही असा नियम होता. खिडकीतून शिट्टी ऐकू आली की खाली गल्लीत अक्कांची शेजारीण म्हणे, “सुटली बाई पॅसेंजर, आता वरण चढवते.”

गार्डसाहेबांसाठी नक्शेवाल्यांनी गाडीच्या शेवटी लावायचा गार्डाचा डबा केला होता. मागच्या दिव्याच्या जागी लाल मणी. गार्डसाहेबांनी तो डोळ्याजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, “मियां, हमारी कुर्सी कां है?” दुसऱ्या दिवशी त्यात खुर्ची बसली. आणि त्यांची एक कायमची तक्रार असे, “मेरा घर कब बनाते जी? स्टेशन के बाजू में बनाओ. रिटायर होके पैदल जाऊंगा.”

“बनाता हूं,” नक्शेवाले म्हणत. “आखिर में.”

स्टेशन पुरं झाल्यावर त्याच्या मागे गाव हवं, म्हणून त्यांनी आमच्या गल्लीतली घरं करायला घेतली. ते दिवस कसे होते हे आता सांगून कळायचं नाही. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि आमची निजामाची रियासत कुठे जाणार हे ठरत नव्हतं. बाजार दुपारीच मिटायचा. खेड्यांकडून बऱ्या बातम्या येत नव्हत्या. ज्यांचे सोलापूर-बार्शीकडे नातेवाईक होते ती माणसं एकेक करून निघत होती. निघताना कुणी सांगत नसे. सकाळी उठून पाहावं तर दाराला कुलूप.

पहिलं घर नक्शेवाल्यांनी केलं ते कोपऱ्यावरच्या कापडवाल्यांचं. कापडवाले खूश झाले, वर जाऊन पाहून आले, पेढे दिले. महिना गेला नसेल, त्यांच्या दाराला कुलूप लागलं. मग वैद्यांचं घर झालं. वैद्य गेले. मग वकिलांचं. वकील तर छातीवर हात मारून सांगत होते की मी इथून हलणार नाही. त्यांचं घर नक्शेवाल्यांनी मोजलं आणि पंधरवड्यात वकील सहकुटुंब सोलापूरला.

एवढं झाल्यावर गल्लीत कुजबुज सुरू व्हायला काय वेळ? “त्यांनी अंगठा धरला की घर उठतं,” असं बायका नळावर बोलू लागल्या. नक्शेवाले ऑफिसातून परत यायची वेळ झाली की दारं धडाधड लागत. एका बाईंनी तर घराच्या दर्शनी बाजूला दोरी बांधून रोज नऊवारी लुगडी वाळत घालायला सुरुवात केली. सुकली तरी काढायची नाहीत. घर दिसलंच नाही तर मोजतील कसं? नक्शेवाले त्या लुगड्यांपुढे थांबून टोपी सरळ करून पुढे गेले, आणि बाईंनी सुटकेचा असा निःश्वास टाकला की आम्हाला समोरच्या बाजूला ऐकू आला. हसू यायचं, पण हसल्यावर आपणही आपली खिडकी ओढून घ्यायचो.

पुढच्या उन्हाळ्यात माझे यजमान सासऱ्यांच्या धाकट्या भावाला आणायला नांदेडकडच्या खेड्यात गेले. दोन-चार दिवसांत येतो म्हणाले होते. आठवडा झाला तरी पत्ता नाही. सासूबाई देवापुढून उठत नव्हत्या. मी दारात बसून तांदूळ निवडत होते. मान वर केली तर समोर नक्शेवाले. डावा डोळा मिटलेला, अंगठा आमच्या छपरावर.

मी ताट तसंच ठेवून उभी राहिले. “काका, आमचं नको.”

त्यांनी हात खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चोरी पकडल्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच्या घरची वाईट बातमी आपल्याला आधी कळली की माणूस जसा बघतो, तसं काहीसं होतं.

सासूबाईंनी आतून पाहिलं होतं. त्या बाहेर आल्या आणि नाही नाही ते बोलल्या. नक्शेवाले खाली मान घालून जिना चढून गेले. दोन दिवस मी कळ काढली, तिसऱ्या दिवशी दुपारी वर गेले. सरळ सांगायचं होतं की आमचं घर करू नका, म्हाताऱ्या बाईचा जीव जाईल.

अक्कांनी दार उघडलं. “जा आत. माझं ऐकत नाही तो.”

खोलीत उन्हाचा एक पट्टा सबंध गावावर पडला होता. कापडवाल्यांचं, वैद्यांचं, वकिलांचं, सगळी घरं ओळीनं उभी. मी वाकून कापडवाल्यांच्या खिडकीतून आत पाहिलं. आत झोपाळा टांगलेला होता. भिंतीत कोनाडा होता. वकिलांच्या माडीवर पुस्तकांचं कपाट होतं. आणि वैद्यांच्या शेजारी, अजून रंग न दिलेलं, आमचं घर होतं. दाराशी मी बसते ती पायरीसुद्धा होती, एका कोपऱ्याला टवका उडालेली.

“करायचं नव्हतं,” ते माझ्या मागून म्हणाले. “पण पुसट झालं.”

“काय पुसट झालं?”

ते स्टुलावर बसले. त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. “कुणाला सांगू नका मास्तरीणबाई, माझी नोकरी डोळ्यांची आहे. काही घरं मला पुसट दिसायला लागतात. कागदावरची पेन्सिलीची रेघ रबरानं अर्धी खोडावी तशी. शेजारचं घर लख्ख असतं, त्याच्या कौलांवरचं शेवाळ दिसतं, आणि मधलं एकच घर पुसट. मग मी धावतपळत ते मोजून घेतो. लोक म्हणतात मी मोजलं की घर उठतं. तसं नाही हो ते. मी पोचतो तोवर उठायला लागलेलं असतं.”

“मोतीबिंदू आहे, दाखव म्हटलं तर ऐकत नाही,” अक्का दारातून म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

मग त्यांनी गावाकडच्या घराची गोष्ट सांगितली. तरुणपणी नोकरीसाठी हैदराबादला निघाले तेव्हा बैलगाडीतून त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, आणि आपलं घर त्यांना असंच पुसट दिसलं होतं. त्यांना वाटलं, धूळ असेल. त्या वर्षी प्लेग आला. आईवडील, धाकटा भाऊ, कुणी उरलं नाही. अक्का सासरी होत्या म्हणून वाचल्या. ते परत गेले तेव्हा तिथे नुसता मातीचा ढीग होता.

“आता ते घर करायचं म्हटलं तर दार कुठल्या अंगाला होतं तेच आठवत नाही,” ते म्हणाले. “मला वाटतं गोठ्याकडे. अक्का म्हणते तुळशीकडे. आम्ही दोघंही तिथेच जन्मलो. दोघांतल्या एकाचं घर खोटं आहे.”

“तुळशीकडेच होतं,” अक्का हळूच म्हणाल्या.

मी खाली आले. भांडायला गेले होते हेच विसरून गेले होते.

माझे यजमान त्याच आठवड्यात परत आले. चुलत सासऱ्यांना घेऊन, दोघंही धुळीनं माखलेले, पण धड. आल्या रात्रीच त्यांनी सांगितलं की सामान बांधा. वाटेत त्यांनी जे पाहिलं होतं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सासूबाई नको नको म्हणत होत्या, पण मी मात्र मुकाट्यानं ट्रंक भरली. मला कुणी पटवावं लागलं नाही. नामपल्ली स्टेशनाकडे झटक्यातून जाताना मी गल्लीच्या तोंडाशी मागे वळून पाहिलं. आमचं घर मलाही पुसट दिसलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून असेल.

पोलीस अॅक्शन झाली, रियासत हिंदुस्थानात आली, आणि थोड्या महिन्यांनी आम्ही सोलापूरहून परतलो. कुलपं एकेक करून उघडू लागली. वकील आले, वैद्य आले. कापडवाले आले नाहीत, त्यांनी तिकडेच दुकान टाकलं. मी दारासमोरचं गवत उपटत होते तेव्हा नक्शेवाले समोरच्या गॅलरीत आले, डावा डोळा मिटला, आणि चक्क हसले. “आलात? लख्ख दिसतंय आता!”

मला वाटलं, संपलं सगळं. पण तेव्हा दुसऱ्यांच्या दारांवर भीती बसायला लागली होती, हे आम्हा परतलेल्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. गार्डसाहेबांचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत पोचेनासं झालं. त्यांचा मुलगा कराचीला होता, तो बोलावत होता. गावाकडे त्यांच्या भावाचं घर राहिलं नव्हतं. त्यांच्या बेगमसाहिबा पूर्वी ईदला आमच्याकडे दुधाची शेवयांची खीर वेगळ्या भांड्यात करून पाठवत. त्या वर्षी खीर आली, पण भांडं परत करायला गेले तर म्हणाल्या, “रख लो बेटी, अब कायकू वापस करते.”

आणि नक्शेवाले ऑफिसातून येताना गल्लीच्या दुसऱ्या टोकानं वळसा घालून येऊ लागले. गार्डसाहेबांच्या घरावरून जायचंच नाही. गॅलरीत उभे राहिले तरी त्या बाजूला पाठ. एकदा भाजीवाल्याच्या बंडीमुळे वाट अडली आणि त्यांना तिथून जावं लागलं, तर माणूस चक्क डोळे मिटून, भिंतीला हात लावत गेला. मी माझ्या पायरीवरून पाहत होते.

मी अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, “त्याला ते घर पुसट दिसलंय. करत नाही म्हणतो. लोक म्हणत होते ना, तू केलंस की माणसं जातात? आता म्हणतो, लोकांचंच खरं असलं तर? न करून बघतो.”

जी गोष्ट ते इतके दिवस खोटी म्हणत होते, तिच्यावर आता त्यांनीच विश्वास ठेवला होता. दोस्तासाठी.

गार्डसाहेब निरोप घ्यायला वर आले तेव्हा मी तिथे होते. अक्कांना मेतकूट द्यायला गेले होते. ते गार्डाचा पांढरा कोट घालून आले होते. का कोण जाणे; त्या दिवशी ड्यूटी तर नव्हती. आत येऊन त्यांनी नेहमीसारखी शिट्टी काढली, पण वाजवली नाही. ते त्या गावाकडे पाहत राहिले. एकेका घरावर बोट ठेवत गेले. कापडवाले. वैद्य. मास्तर. वकील. सगळी गल्ली होती. फक्त स्टेशनाच्या शेजारी, ओंजळीएवढी रिकामी जमीन.

“सबका बनाया,” ते म्हणाले. “हमारा नहीं बनाया?”

नक्शेवाले उभे होते. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. आयुष्यभर कमी बोलण्याची सवय, ती नको त्या वेळी आडवी आली.

“समझ गया,” गार्डसाहेब म्हणाले. रागानं नाही. फार हळू. “ठीक है मियां. नक्शे में हमारी जगा नहीं. ठीक है.”

“तसं नाही हो, गार्डसाहेब!” मी मध्येच मराठीतच ओरडले. पण पुढे काय सांगणार होते? घर पुसट झालं होतं म्हणून? ते माझ्या डोक्यावर हात ठेवून, “खुश रहो बेटी,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. नक्शेवाले गॅलरीपर्यंत धावले. तिथून त्यांनी पहिल्यांदा त्या घराकडे सरळ पाहिलं आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “तिथे काही नाही.”

मला तर घर दिसत होतं. पिवळी भिंत, हिरवा पडदा, सगळं जिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. काही महिन्यांनी ते घर दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं. नव्या माणसांनी पडदा काढला, भिंतीला निळा चुना दिला, दर्शनी बाजू बदलून सरळ चौकटीचं दार बसवलं. तेव्हा कुठे नक्शेवाले घर करायला बसले. भिंती झाल्या, छप्पर झालं, गच्चीचा कठडा झाला. आणि दारापाशी येऊन त्यांचा हात थांबला.

संध्याकाळी ते खाली उतरून आमच्या पायरीशी आले. “मास्तरीणबाई, गार्डसाहेबांच्या दाराला वर कमान होती, की सरळ तुळई?”

मी चटकन सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी ते दार रोज बघत होते. त्या दारातून खिरीचं भांडं घेऊन आत-बाहेर केलं होतं. पण डोळ्यांपुढे हिरवा पडदा येत होता, त्याच्या वरचं काही येईना. सासूबाई म्हणाल्या, तुळई होती. माझे यजमान म्हणाले, छे, कमान. वैद्य म्हणाले, मला वाटतं दाराला वर काही नव्हतंच. वकिलांनी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी कबूल केलं की आपण त्या घरात कधी गेलोच नाही. नक्शेवाले घरोघर विचारत फिरत होते. आता त्यांना पाहून कुणी दारं लावून घेत नव्हतं. पण दार उघडून त्यांच्याशी बोलणंही कठीण होतं. इतकी वर्षं शेजारी राहून एका दाराची चौकट सबंध गल्लीला आठवत नव्हती. तुम्हीच सांगा, तुमच्या शेजाऱ्याच्या दारावर काय आहे?

त्यानंतर खिडकीतून गाडीचा आवाज कधी आला नाही. नक्शेवाले चावीच देईनात. “म्हणतो, शिट्टी कोण वाजवणार?” अक्कांनी मला सांगितलं. “मी म्हटलं, मी वाजवते. तर म्हणाला, तुला लायसन नाही.” एवढ्यातही हसू आलं आम्हा दोघींना, आणि मग अक्कांनी पदरानं डोळे पुसले.

एके दिवशी सकाळी नक्शेवाले हातात पिशवी घेऊन निघाले. बंद गळ्याचा कोट, टोपी. मी विचारलं, “कुठे काका?”

“मुंबईला जातो. तिथून पुढे परवान्याचं बघतो.” थोडं थांबून म्हणाले, “कमानीचं विचारून येतो.”

“एवढ्यासाठी कराचीला?”

“आणि एक सांगायचं राहिलंय त्यांना,” ते म्हणाले. मग ते गल्लीच्या मधोमध उभे राहून आमच्या सगळ्यांच्या घरांकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश पाहत गेले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. काचीगुड्याच्या स्टेशनाच्या दिशेनं चालू लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मला मात्र, उन्हामुळे असेल, वळणापर्यंत पोचण्याआधीच ते दिसेनासे झाले.

ते परत आले नाहीत. यजमानांनी ऑफिसात चौकशी केली, मुंबईच्या एका नात्यातल्या माणसाला कळवलं. कुणी म्हणे मनमाडला दिसले, कुणी म्हणे बंदरावर. परवाना मिळाला की नाही, बोटीत बसले की नाही, गार्डसाहेबांपर्यंत पोचले की नाही, आजतागायत कळलेलं नाही. अक्का एकट्या राहू लागल्या. कुणी विचारलं तर म्हणत, “गेलाय विचारायला. लांबचं आहे, वेळ लागणार.” आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं त्या गावावरची धूळ पुसत. नंतर गुडघे गेले आणि त्यांचं जिना उतरणं बंद झालं. आम्ही आळीपाळीनं वर डबा पोचवायचो.

मग एका पावसाळ्यानंतर गार्डसाहेबांच्या जुन्या घराची दर्शनी भिंत ओलीनं फुगली. नव्या मालकांनी गवंडी लावला. दुपारी मोठा आवाज झाला म्हणून आम्ही सगळे बाहेर आलो. दारावरचा गिलाव्याचा थर सबंध निसटून खाली पडला होता. धुरळा बसला आणि चौकटीच्या वर, विटांनी बुजवलेली, जुन्या पिवळ्या रंगाची, नाजूक टोकाची कमान दिसली. मधोमध चुन्यात कोरलेलं एक फूलसुद्धा होतं.

वैद्य, वकील, सासूबाई, सगळे नुसते बघत होते.

मी वर पाहिलं तर अक्का गॅलरीत नव्हत्या. त्या जिन्यात होत्या. बसत बसत, एकेका पायरीवर हात टेकत त्या खाली येत होत्या. मी धावले, तर त्यांनी माझा हात झिडकारला. रस्ता ओलांडून त्या गार्डसाहेबांच्या दारापर्यंत गेल्या. हात पोचत नव्हता, म्हणून गवंड्याच्या पालथ्या घमेल्यावर चढल्या आणि त्या फुलावरून बोटं फिरवली. मग वळून, आपल्या रिकाम्या गॅलरीकडे तोंड करून, अंगात होतं तेवढं बळ एकवटून त्यांनी हाक मारली.

“अरे, कमान होती रे! ऐकलंस का? कमान होती!”

गवंड्याचा हात थांबला. आणि आम्ही सगळ्यांनी, वर कुणी नाही हे माहीत असूनसुद्धा, त्या गॅलरीकडे पाहिलं.